पुढं मी येतो

ऐक गं बबे, तू नुसतं ऐक. मधी बोलू नको, मोबाईल खाली ठेव, आन् "मग काय झालं, मग काय झालं" बी करू नको, मी सांगायलेच. उद्या गुरुवार हाय. उद्या दुपारी लातूरच्या गाडीनं लिंबाजीकाका येतील, तू बसलीस ना आत्ता, तिथंच माझ्या ऑटोत मागं बसतील, आन् माझ्याकडं एक व्हिडिओ मागतील. माझ्या फोनात हाय तो. त्यांच्या पोराचा हाय. तो द्यायचा का न्हाई, एवढंच. एवढंच हाय बघ, पण झोप उडाली माझी.

थांब, आधी तुला हाताचं सांगावं लागंल. त्याबगर कळायचं न्हाई.

तू ऑटोत बसतीस पण पुढं बघतच न्हाईस, रील बघतीस. कधी तरी बघ. दोन ऑटो समोरासमोर आले का ड्रायव्हर हात करतो. मोठा न्हाई, लेकरानं टाटा केल्यावानी न्हाई. नुसता हँडलवरनं उचलायचा, परत ठेवायचा. झालं. म्हणजे रामराम. म्हणजे तुला बघितलं बरं का मी. दिवसातनं कितीबी वेळा भेटले तरी तितक्या वेळा करायचा. एकदा चुकला तर माणसं राग धरतेत गं! संध्याकाळी चहावर बोलून दाखवतेत, "लई मोठा झालास का रे, हात बी करीनास?" भांडणं झालेली हायत यावरनं.

मला कुणी करत न्हाई.

ऑटो घेतला त्या पहिल्याच दिवशी स्टेशनकडनं निघाले. समोरनं एक ऑटो आला. मी खुशीत हात उचलला. त्यानं असं तिकडं तोंड फिरवलं, जसं काय मी त्याच्या घरचं काही मागितलं. वाईट न्हाईत ती माणसं, खोटं कशाला बोलू. नंबर लावू देतेत, टायर बसलं तर पान्हा घेऊन येतेत, "मॅडम, ब्रेक टाईट करून घ्या" म्हणतेत. पण भर रस्त्यात बाईला हात केला तर लोक काय म्हणतील, हिचा भाऊ काय म्हणंल, म्हणून हात न्हाई. दिवसभर फिरते मी बबे, सवाऱ्या उतरतेत, चढतेत, कुणी बोलत न्हाई, आन् सगळं नांदेड माझ्या काचेसमोरनं एकमेकाला हात करत जातंय. मग मीच आरशात बघून करते एखाद्या टायमाला. हस, हस.

तर ट्रेनिंग. आमच्या युनियनच्या भुजंगभाऊनं स्टँडवर येऊन सांगितलं, "रस्ता सुरक्षेचं ट्रेनिंग हाय, एक दिवसाचं. जो बसणार न्हाई त्याचा स्टँडवर नंबर बंद." लोकं लागली कुरकुर करायला. एकजण म्हणला, "भाऊ, आमचे टायर झिजून गेले ह्या रोडवर, आम्हाला कोण शिकवणार?" भुजंगभाऊ म्हणला, "टायरच झिजले ना, अक्कल होती तशीच कोरी हाय तुझी. ये गप."

एका मंगल कार्यालयात होतं. आदल्या दिवशीचं लगीन होऊन गेलेलं, स्टेजवर नवरा-नवरीची थर्माकोलची नावं तशीच, त्यातलं नवरीचं एक अक्षर लोंबकळायलं. त्याच्या खाली पडदा लावलेला. सगळा हॉल गच्च भरला, आन् माझ्या डावीकडची खुर्ची मोकळी, उजवीकडची मोकळी, मागची बी मोकळी. जसं काय मला गोवर निघालाय. पुढच्या रांगेत बसलेली मी एकटी बाई. मोबाईल काढून उगं कॅल्क्युलेटर बघत बसले.

तेवढ्यात एक म्हातारा आला. खाकी शर्ट इस्त्री केलेला, केसाला तेल, हातात कापडी पिशवी. म्हणला, "पोरी, इथनं पडदा नीट दिसतो का?"

"दिसतो की काका. बसा."

"खांब मधी येत न्हाई ना?"

"न्हाई वो."

बसले. बाजूलाच बसले, खुर्ची सोडून न्हाई. मला इतकं बरं वाटलं काय सांगू तुला. माझ्याकडं बघितलं बी न्हाई त्यांनी, पडद्याकडंच नजर. अजून पडद्यावर काहीच नव्हतं.

शिकवायला मुकुल सर. लातूरचे, पोरगेलेच हायत, भाषा शाळेतल्यासारखी, "मित्रांनो" म्हणतेत. माणूस चांगला. घसा बसेपर्यंत बोलतो, कुणाला कमी लेखत न्हाई. त्यांनी बोर्ड दाखवले, वळताना आरसा कसा बघायचा, पुढच्या गाडीपासनं किती अंतर, शाळेची लेकरं किती घ्यायची, समोरच्या सीटवर ड्रायव्हरच्या बाजूला सवारी बसवायची न्हाई. ते म्हणल्यावर सगळे खाली बघायला लागले. मग लाईट बंद केले आन् व्हिडिओ लावला.

छोटा हाय गं. जांभई द्यायला लागंल तेवढा. लातूरच्या बाहेरचा रोड, कुठल्यातरी दुकानाच्या कॅमेऱ्यातला. दुपार. तिकडनं एक ऑटो येतो, चालवणारं पोरगं तुझ्या-माझ्याएवढं, गळ्याला लाल दस्ती, रुमाल बांधलेला. ते समोर कुणाला तरी बघतं, हसतं, आन् हात उचलतं. तिथंच सर व्हिडिओ थांबवतेत. पोरगं भिंतीएवढं. हात वर, दात बाहेर.

सर म्हणले, "बघा आपले हिरो! एक हात हवेत, नजर रस्त्यावर नाही. कुणाला टाटा चाललाय?"

मागनं कुणीतरी ओरडलं, "बायकोला!"

दुसरा म्हणला, "तेबी दुसऱ्याच्या!"

सगळा हॉल हसला. मी बी हसले. सर म्हणले, "पुढचं मी दाखवत नाही. पुढं गतिरोधक होता, पट्टे नसलेला. ह्या मित्राला दिसला नाही. हा मित्र आज नाही." मग हॉल गप झाला. मग सर लई वेळ बोलले, दोन्ही हात हँडलवर, रामराम तोंडानं करा, स्टँडवर करा, चालत्या गाडीत नको. आन् तोपर्यंत ते पोरगं तसंच भिंतीवर. काका त्याच्याकडं बघत बसलेले. पापणी हलवली न्हाई.

ट्रेनिंग संपलं तसं सरांनी मला बोलावलं. म्हणले, महिला चालक म्हणून तुम्ही आमच्याबरोबर पुढच्या गावांना याल का, दोन शब्द बोलाल का, बायकांनाही वाटेल आपणही यावं. मी काय, मी तर हो म्हणायला टपलेलीच! एक दिवस कुणीतरी माझ्याशी बोलणार, तेबी माईकवर.

पुढचं लातूरला. मी माईक धरला आन् "मी राजकन्या" म्हणलं, तर हॉलमधनं आवाज, "मग राजवाडा कुठाय?" मी म्हणलं, "स्टँडवर हाय, तीन चाकाचा." हसले सगळे. चांगलं बोलले मी, बरं का. खाली उतरून बघते तर पुढच्या रांगेत कोण? काका! तोच खाकी शर्ट, तीच पिशवी.

"काका, नापास झालात का?"

"हाव," म्हणले. "परत परत नापास होतो बघ."

आन् नापास कशाचे गं! सरांनी प्रश्न विचारले तर सगळ्याची उत्तरं ह्यांच्याकडं. पिवळा दिवा, प्रवेश बंद, डावीकडनं ओव्हरटेक, पटापटा. बक्षीस म्हणून चमकणारं जॅकेट दिलं. मला हळूच म्हणले, "घरी ढीग झालाय ह्याचा. खुंटीला लावलेत, दार उघडलं का सगळे चमकतेत. भुतं बसल्यावानी." म्हणजे निलंग्याला, कुठंकुठं सगळीकडं जाऊन आलेले. मला वाटलं रिकामा माणूस असंल, जेवणाच्या पाकिटासाठी येत असंल. पण पाकीट उघडलं तर त्यातली बुंदी मलाच दिली. पुरी बी अर्धीच खाल्ली.

आन् त्या दिवशी अंधारात मी एक बघितलं. व्हिडिओ लागला, पोरानं हात उचलला, आन् काकांनी बी उचलला. मांडीवरनं एवढुसा. परत ठेवला. सरांना वाटलं काही विचारायचंय. "बोला ना काका?" काका म्हणले, "न्हाई, न्हाई, काही न्हाई."

संध्याकाळी मी सरांच्या गाडीतनं निघाले, काका रोडच्या कडेला मुरुडच्या गाडीची वाट बघत उभे. लातूरपासलं मुरुड, तिथलेच हायत ते. मला बघितलं आन् हात केला बबे. तसा. ड्रायव्हरचा. हँडल नव्हतं हातात तरी हँडलवरनं उचलल्यावानी. मी इतकी गडबडले, का माझा हात उठेपर्यंत गाडी पुढं गेली.

मग उदगीर. उदगीरला सरांच्या लॅपटॉपवाल्याला ताप आला, तर मीच बसले लॅपटॉपवर. सर म्हणले का चालू करायचं, म्हणले का थांबवायचं. सोपं काम. पण त्या जागेवरनं पडदा दिसत न्हाई गं, माणसं दिसतेत. पडद्याचा उजेड सगळ्यांच्या तोंडावर. मी बटण दाबलं, पोरानं हात केला असंल तिकडं, कारण सगळे हसायला लागले. "बायकोला!" तिथं बी कुणीतरी म्हणलंच, सगळीकडं कुणीतरी म्हणतंच. आन् त्या हसणाऱ्या तोंडांमधी एक तोंड, आन् एक हात वर.

दुपारी बाहेर चहाच्या गाड्यावर मी काकांना गाठलं.

"काका, तुम्ही हात कशाला उचलता वो?"

"उचलतो का?"

"उचलता की. मी बघितलं."

त्यांनी चहा बशीत ओतला. फुंकर मारली. "समोरच्यानं केल्यावर आपण करावा लागत न्हाई का?"

"कुणी केल्यावर?"

"सिद्धूनं."

मला अजून बी कळलं न्हाई, इतकी येडी मी. म्हणलं, कोण सिद्धू? तर म्हणले, "सिद्धेश्वर. माझं लेकरू. तेच की भिंतीवरचं."

मी चहा गाड्यावर ठेवला.

"मग ते... हात कुणाला..."

"मला की गं. मी समोरनं यायलो होतो. त्याचा ऑटो जायला, माझा यायला. रोजचंच होतं. पहिला हात म्याच केला होता, पोरी. त्यानं माझ्या हाताला हात केला."

शेजारी दोघं ड्रायव्हर हसत होते कशावर तरी, गाडीवाला भांडी घासत होता. मी म्हणलं, "सरांना सांगते मी. सगळे हसतेत वो काका."

तर घाबरले. माझं मनगट धरलं. "नको, नको. सांगितलं का बंद करतील. हसू दे. लेकरू बी हसायलंच होतं."

मग सांगितलं सगळं. दोघंच घरात, बाप-लेक. आता एकटेच. निलंग्याचं ट्रेनिंग करून आलेला एकजण मुरुडच्या स्टँडवर बोलला, लिंबाजी, तुझ्या सिद्धूला दाखवतेत बघ तिथं. तवापासनं जिथं ट्रेनिंग तिथं हे. ऑटो झाकून ठेवलाय, चालवत न्हाईत. म्हणलं, फोटो असंल की काका घरी? हाय म्हणले, लायसनचा, मोठा करून घेतला, पण त्यात ते कुणाकडंच बघत न्हाई. आन् सिद्धूचा फोन हाय, त्यात सगळं असंल, व्हिडिओ, गाणी, त्याचा आवाज, पण त्याला नक्षी काढायचं लॉक. दुकानवाला म्हणला, उघडून देतो पण आतलं सगळं पुसून जाईल. म्हणून तसाच ठेवलाय. रोज चार्ज करतेत. कुणाचा फोन येतो का बघायला न्हाई गं. नुसता चालू राहावा म्हणून.

उदगीरहून येताना सर गाडीत म्हणले, "राजकन्या, तो ऑटोचा व्हिडिओ आता लावायचा नाही. आपलं नवीन कार्टून तयार झालंय. गेलेल्या माणसावर हॉल हसतो, बरं नाही वाटत मला. उद्या त्याच्या घरचं कुणी येऊन बसलं तर? लॅपटॉपमधून काढूनच टाका तो."

बरोबरच होतं का न्हाई त्यांचं? सांगावं वाटलं, घरचं माणूस कवाचं येऊन बसलंय म्हणून. पण काकांनी मनगट धरलेलं आठवलं. हो सर, काढते म्हणलं.

काढायला म्हणून उघडला. आन् बबे, मी तो थांबवला न्हाई. पुढं जाऊ दिला. कुणीच बघितलेला नव्हता पुढचा, सर सोडून.

गतिरोधक येतो. ऑटो उडतो, आडवा होतो. धूळ. चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहतेत. एकजण कप ठेवतो, परत उचलतो. पुढं कुणी येईना. सिद्धू रस्त्यावर पडलेला. हलत न्हाई. मग त्याचा हात उचलतो जरासा. तोच हात. खाली पडतो. आन् कुणी येईना, कुणी येईना, आन् व्हिडिओ संपतो. काळं.

बस. तेवढाच हाय.

मी लॅपटॉपमधनं काढला. पण त्याआधी माझ्या फोनात घेतला. कशाला घेतला, तवा मला बी माहीत नव्हतं.

जळकोटला नवीन कार्टून. डोळे असलेला ऑटो, त्याला मिशा, तो गाणं म्हणतो. लोकं जांभया द्यायली. काका पुढच्या रांगेत, ताठ बसलेले. कार्टून संपलं. लाईट लागले. सगळे पाकिटं घ्यायला गेले, हे बसूनच. मी जवळ गेले तर लहान लेकरावानी म्हणले, "पोरी, आज आमचा लावला न्हाई."

पायरीवर नेलं त्यांना, हॉलच्या मागं. माझा फोन दिला हातात. त्यांनी दोन्ही हातानं धरला, मी वरनं अंगठा तयार ठेवला. सिद्धू आला, हसला, हात केला, मी अंगठा दाबला. अंगठा चुकला असता तर? काकांनी एका हातानं हात केला त्या एवढ्याशा फोनला. म्हणले, "लहान दिसायलाय. भिंतीवर मोठा होता." मग पिशवीतनं एक मोठा फोन काढला. नवा. वरचं प्लास्टिक बी काढलेलं नव्हतं. "ह्याच्यात टाक. त्याच्यासाठीच घेतला."

मी म्हणलं, इथं रेंज न्हाई काका. रेंजचं काय काम होतं त्याला? त्यांना कुठं कळतंय. म्हणलं, गुरुवारी दुपारी नांदेडला या, माझ्या स्टँडवर.

आले. नवा फोन पुढं केला, मी म्हणलं आधी बघा, टाकू नंतर, आन् ते नंतर मी पुढंच ढकलत गेले. तवापासनं दर गुरुवारी येतेत. उकडलेल्या शेंगा आणतेत रुमालात बांधून. मागं बसतेत, मी पुढनं वळून फोन धरते, अंगठा ठेवते. एकदाच बघतेत. मग लई वेळ बसतेत, सिद्धूचं सांगतेत, त्याला वांगं आवडत नव्हतं, त्याला पोहायला येत नव्हतं असलं काहीबी. समोरनं ऑटो गेला का बसल्या जागेवरनं हात करतेत. म्हातारा माणूस हात करतो म्हणल्यावर समोरचा करतोच. आन् बबे, आता लोकं माझ्या ऑटोकडं बघून हात करायलेत! परवा सोमवारी, काका नसताना, भुजंगभाऊनं केला. मला का रिकाम्या सीटला, देव जाणे. मी उलटा केला. दिवसभर हात गरम होता माझा.

आता मेन ऐक. गेल्या गुरुवारी.

बसले, शेंगा दिल्या, मी व्हिडिओ लावला, थांबवला. तर म्हणले, "अंगठा काढ."

"काढला की, थांबलाय तो."

"तसं न्हाई. पुढं जाऊ दे."

"नको काका. पुढचं बघू नका."

"मला ठाऊक हाय पुढं काय हाय. मी तिथंच होतो की, पोरी. पुढं मी येतो."

मला कळलंच न्हाई.

म्हणले, "हे असं थांबवल्यावर कसं दिसतं बघ. लेकरू हात करायलंय, आन् समोर कुणीच न्हाई. बाप बघून निघून गेल्यावानी. तितके जण हसले, एकाला बी मी दिसलो न्हाई. म्या गेलो होतो. ऑटो तसाच सोडला, सवाऱ्या आतच ओरडायल्या, चप्पल रोडवर राहिली. त्याचं डोकं म्या घेतलं मांडीवर. ते एकदा बघायचं हाय मला. मी आलेला. मग न्हाई मागणार. दे, माझ्या फोनात टाक, सगळा दे."

माझ्या गळ्यात आलं होतं, काका, तुम्ही येत न्हाईत. ह्याच्यात तुम्ही येतच न्हाईत. आलं होतं गळ्यापर्यंत. तोंडातनं निघालं, "बॅटरी संपली."

त्यांनी फोनकडं बघितलं. फोन चालूच होता, सिद्धू हात वर करून. रुमाल झटकला, घडी घातली, उतरले. पुढं जाऊन वळले, हात केला. म्हणले, "गुरुवारी चार्ज करून ठेव."

मी काही केलं न्हाई असं समजू नको. मुकुल सरांना फोन लावला, म्हणलं सर, तो व्हिडिओ कुठनं मिळाला होता, पुढचा भाग हाय का? ते म्हणले, कुणीतरी पाठवलेला, तेवढाच आला होता. लातूरला गेले मी, ऑटो न घेता, बसनं. दुकान सापडलं. मालक भला माणूस, म्हणला, बाई, कॅमेऱ्यात जुनं राहत न्हाई, नवीन आलं का जुनं पुसतं. टपरी बी हाय अजून तिथं. टपरीवाल्याला विचारलं, त्या दिवशी बाप आला होता का पळत? म्हणला, "आला की. अनवाणी आला. लई वेळ मांडीवर घेऊन बसला होता." म्हणजे आले होते, बबे. खरंच आले होते. पण ते टपरीवाल्याच्या तोंडात हाय, व्हिडिओत न्हाई.

आता तू म्हणशील, कापून दे. हातापर्यंतचाच दे. मग त्यात तर बाप निघूनच गेलाय की, त्यांना तेच तर नको झालंय. म्हणशील, खोटं बोल, पुढचं पुसून गेलं म्हण. मग त्यांचं येणंच पुसलं का न्हाई? म्हणशील, सरळ सांग, टपरीवाल्याचं बी सांग. सांगते. पण नुसत्या सांगण्यावर थांबतील का? म्हणतील, दाखव. आन् दाखवला, तर त्यात लेकराचा हात दुसऱ्यांदा उठतो गं. तो त्यांनी बघितलेला न्हाई, तवा ते रोडच्या पलीकडं चप्पल सोडत होते. तो हात उठतो आन् त्याला कुणीच हात करत न्हाई. घरी एकटे बसून बघतील, त्या चमकणाऱ्या जॅकेटांच्या मधी, आन् थांबवायला अंगठा कुणाचा?

आन् एक हाय, कुणाला सांगू नको. व्हिडिओ दिला तर पुढच्या गुरुवारी ते कशाला येतील? असं बी येतं माझ्या मनात. मग मलाच कळत न्हाई, मी त्यांच्यासाठी देईना झालेय का माझ्यासाठी.

उद्या लातूरची गाडी लागंल. ते उतरतील, तिथनंच हात करतील, मी करीन. मागं बसतील. शेंगा सोडतील. मग म्हणतील, काढ अंगठा.

बोल की आता. मगापासनं गप बसलीस नुसती. ए बबे, तू काय केलं असतंस?